गेमची वर्गणी: वहीतले अकरा महिने

माझा पेशा हिशेब तपासण्याचा. दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या चाळायच्या आणि घरी आल्यावर स्वतःच्या पावत्यांकडे काणाडोळा करायचा, असं बरीच वर्षं चाललं होतं. मग एका रविवारी कार्डाचं स्टेटमेंट नीट वाचलं, तर दर महिन्याच्या आठ तारखेला न चुकता जाणारी एक रक्कम सापडली. छोटीच होती. इतकी छोटी की तिच्यासाठी कोणी चौकशीला फोन करणार नाही. खणून काढल्यावर कळलं, ही गेमची वर्गणी. ‘पहिला महिना फुकट’ वाचून मीच कधीतरी सुरू केली होती आणि साफ विसरले होते. सात महिने पैसे जात होते आणि त्यातला एकही गेम मी उघडलेला नव्हता. सेवा कोणती ते सांगत नाही, वेंधळेपणा माझा होता.

शहाण्या बाईने ती तिथल्या तिथे बंद केली असती. मला पेशाची खोड आहे. मी म्हटलं, आधी बघू तरी हा व्यवहार खरंच तोट्याचा आहे का. एक दोनशे पानी वही काढली, रकाने आखले आणि घरात जाहीर केलं की यापुढे जो कोणी फोनवर किंवा टॅबवर गेम खेळेल त्याने तारीख, गेमचं नाव आणि वेळ लिहायची. नऊ वर्षांचा मुलगा वेळ निम्मी करून लिहायचा. सासूबाईंनी वहीला हातच लावला नाही, त्यांची नोंद मी अंदाजाने केली. नवरा फक्त एकदा येऊन ‘बुद्धिबळ. हरलो.’ एवढं लिहून गेला. अशी ती वही अकरा महिने चालली. घरातल्या टॅबवर ॲपल आर्केड पूर्ण काळ, माझ्या फोनवर मधले तीन महिने गूगल प्ले पास, आणि नेटफ्लिक्स होतंच, त्यामुळे त्याचे गेमही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲपल आर्केड १९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झालं आणि चार दिवसांनी अमेरिकेत प्ले पास. दोन्हींची जाहिरात सारखीच: महिन्याला ठरावीक रक्कम द्या आणि हवे तेवढे गेम खेळा. आतली घडण मात्र वेगळी आहे. आर्केड म्हणजे वेगळं ठेवलेलं कपाट. त्यातल्या गेममध्ये जाहिरात चालत नाही आणि आत काही विकायलाही परवानगी नाही. प्ले पास म्हणजे त्याच मोठ्या बाजारात फिरायचा पास. प्ले स्टोअरवर सगळ्यांसाठी असलेलेच काही गेम आणि ॲप, पण पासवाल्याला त्यातल्या जाहिराती दिसत नाहीत आणि एरवी पैसे मोजून उघडणारे भाग उघडे मिळतात. नेटफ्लिक्सचे गेम नोव्हेंबर २०२१ मध्ये फक्त पाच गेमनिशी आले. सिनेमा-मालिकांच्या वर्गणीतच ते मिळतात, वेगळं काही भरावं लागत नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना आपल्याकडे ते आहेत हेच माहीत नव्हतं.

वहीत मी ‘काय मिळालं’ असा एक रकाना आखला होता. महिन्याभराने त्याच्या शेजारी ‘काय नव्हतं’ असा दुसरा आखावा लागला. भरभर भरत गेला तो दुसराच, आणि त्याला कारण सासूबाई.

सासूबाई टॅबवर पत्ते लावतात. सॉलिटेअर. त्यांचा जुना सॉलिटेअर फुकटातला होता, म्हणजे प्रत्येक डावानंतर एक जाहिरात. त्यातली एक जाहिरात अशी: बर्फाचं वादळ, भिंत ढासळलेलं घर, कोपऱ्यात कुडकुडणारी एक बाई आणि तिच्या मांडीवर लेकरू. खाली दोन चित्रं, एकात लाकडं आणि दुसऱ्यात हातोडा. मग कुठून तरी एक बोट येतं, मुद्दाम चुकीचं चित्र दाबतं, छप्पर कोसळतं आणि बाई रडायला लागते. सासूबाईंना ही जाहिरात आहे हे काही केल्या पटायचं नाही.

‘अगं, हा माणूस दर वेळी चुकीचंच कसं दाबतो?’ एकदा त्यांनी मला हाक मारून विचारलं. ‘लाकडं दे म्हणावं त्या बाईला. लेकरू गारठलंय.’

‘आई, ती जाहिरात आहे. बंद करा.’

‘बंद कुठून करू? दाखव की.’

बंद करायची जागा म्हणजे वरच्या कोपऱ्यातली तिळाएवढी फुली. ती लगेच येत नाही. आधी आकडे उलटे मोजले जातात, मग फुली उगवते. दाबली की पहिला पडदा जातो आणि दुसरा येतो, त्यावरची फुली डाव्या कोपऱ्यात. तीही दाबली तर तिसरा, आणि त्यावर फुलीच्या ऐवजी दोन बाण. पंचाहत्तरीतल्या बोटाला तीळ सापडत नाही. बोट शेजारी पडतं, पत्ते नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी भलत्याच गेमचं दुकान उघडतं. मग स्वयंपाकघरापर्यंत हाक: ‘अगं, माझे पत्ते कुठे गेले?’

वही सुरू केली त्या पहिल्या आठवड्यात मी फक्त या हाका मोजल्या. रोज सरासरी सहा. दुसऱ्या आठवड्यात त्यांना आर्केडमधला ‘सॉलिटेअर बाय मोबिलिटीवेअर प्लस’ लावून दिला. तेच पत्ते, तोच डाव, फक्त डाव संपला की पुढचा डाव येतो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सलग अकरा डाव लावले आणि एकदाही हाक आली नाही. मी दोनदा उठून बघून आले, सगळं ठीक आहे ना म्हणून.

म्हणून मला कोणी विचारलं की वर्गणीत काय मिळतं, तर गेमांचा आकडा मी सांगतच नाही. गेम फुकटात ढिगाने पडलेत. पण फुकटातल्या गेमच्या आत एक दुकानदार बसलेला असतो आणि तो खेळणाऱ्याला सारखा टोचत राहतो. कँडी क्रश सागाने २०१२ पासून एक रीत घराघरांत नेली: पाच जीव, एक गेला की परत यायला अर्धा तास. थांबा, नाहीतर पैसे द्या. तेव्हापासून कितीतरी गेमची आखणीच अशी असते की ठरावीक टप्प्यावर तुम्ही अडावं. अडलात की दुकान उघडतं. वर्गणीचे पैसे म्हणजे त्या दुकानदाराला बाहेर बसवण्याचे पैसे. ते द्यायचे की नाही, हे घरात कोण खेळतं यावर ठरतं.

आता मुलाकडे येते. त्याने अकरा महिन्यांत (त्याच्याच निम्म्या हिशेबाने) चौसष्ट तास एकच गेम खेळला: ‘स्नीकी सॅसक्वॉच’. दोन माणसांच्या कॅनडातल्या रॅकसेव्हन नावाच्या स्टुडिओने केलेला, आर्केडच्या पहिल्या दिवसापासूनचा. रानात राहणारा एक केसाळ, आडदांड प्राणी. सहलीला आलेल्या माणसांच्या पेट्या उघडून खाणं पळवतो आणि रेंजर दिसला की झुडपात लपतो. इथपर्यंत सरळ आहे. मग तो माणसाचे कपडे चढवतो आणि गावात जातो. गाडी चालवतो, गोल्फ खेळतो, नोकरी धरतो. मुलाला एकच प्रश्न सतावत होता: ‘आई, ह्याला कोणी ओळखत कसं नाही? केस तर सगळे दिसतायत!’ मी म्हटलं, टोपी घातलीय ना. हे त्याला पटलं.

मला त्या गेममध्ये आवडलेली गोष्ट अशी की त्यात पैसा आहे, तोही मेहनतीचा. मासे पकडायचे, विकायचे, साठवायचे, मग गाडी घ्यायची. त्याच्या वयाच्या मुलांच्या फुकट गेममध्येही नाणी असतात, हिरे असतात, पण तिथे नाणी साठवणारा मूर्ख ठरतो, कारण शेजारचा मुलगा आईच्या कार्डावरून हिऱ्यांची थैली घेतो आणि पुढे निघून जातो. आमच्या घरात ‘आई, एवढंच घेऊ का?’ हे वाक्य आधी आठवड्यातून तीन-चारदा यायचं. वहीच्या काळात टॅबवर खेळताना ते एकदाही आलं नाही. हा आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा ते मला अजून कळलेलं नाही.

घरच्यांचं झालं. माझी स्वतःची पानं वाचताना मात्र मला जरा ओशाळायला झालं.

अकरा महिन्यांत माझे एकूण १२६ तास. एकूण १९ गेम उघडले. त्यांपैकी ‘मिनी मोटरवेज’ ५२ तास, ‘बलात्रो प्लस’ ४४ तास. उरलेले ३० तास सतरा गेममध्ये वाटले गेले आणि त्यातले नऊ गेम मी एकदाच उघडून सोडून दिले. म्हणजे दोनशेहून जास्त गेमच्या कपाटातून मी खऱ्या अर्थाने दोन वापरले. एखाद्या गिऱ्हाइकाने असा खर्च माझ्यासमोर ठेवला असता तर मी भुवया उंचावल्या असत्या.

मिनी मोटरवेजबद्दल मात्र बोलू द्या, बावन्न तासांचा हक्क आहे. न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लबने केलेला. रिकामा नकाशा, त्यावर एक लाल घर आणि एक लाल इमारत. बोटाने दोघांत रस्ता ओढायचा, घरातून गाडी निघते, इमारतीतून एक खूण उचलते आणि परत येते. मग निळं घर येतं, नदीच्या पलीकडे. पिवळी इमारत येते, नेमकी तुमच्या लाल रस्त्याला चिकटून. दर आठवड्याच्या शेवटी थोडे रस्ते मिळतात आणि दोनांतून एक भेट निवडायची असते: पूल घेता की सिग्नल, गोल चौक की उड्डाणरस्ता. सुरुवातीची दहा मिनिटं आपण देव असतो. विसाव्या मिनिटाला एका इमारतीभोवती काळं कडं भरायला लागतं, म्हणजे तिथे गाड्या पोचत नाहीयेत. आणि चूक कुठे असते? आठव्या मिनिटाला आळसाने जोडलेल्या एका कोपऱ्यात. तो कोपरा तेव्हा इतका सोयीचा वाटला होता! मी तो खोडते, गाड्या रस्त्यातच अडकतात, कडं पूर्ण होतं, खेळ खलास. आवाज एवढा मऊ असतो की हरल्याचं वाईटही वाटत नाही, बोट आपोआप पुन्हा सुरू करतं. हा गेम फोनवर सुटा विकत मिळत नाही, आर्केडच घ्यावं लागतं. संगणकावर आणि निन्टेंडोच्या ‘स्विच’ या गेमयंत्रावर मिळतो.

बलात्रोची गोष्ट उलटी आहे. पोकरचे हात जुळवायचे आणि जोकर गोळा करून गुण फुगवायचे. त्यात वाईट सवय लागायची सगळी सामग्री आहे, तरी एक पैशाचा जुगार नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला तो फोनवर आला, त्याच दिवशी आर्केडमध्ये ‘प्लस’ लावून आणि स्टोअरवर सुट्टा, एकदाच पैसे भरून घ्यायचा. एका चांगल्या सुट्या गेमची किंमत काही महिन्यांच्या वर्गणीइतकी पडते. मी तो अकरा महिने वर्गणीतून खेळले. हिशेब तपासणाऱ्या बाईने हे केलं, हे नोंदवून ठेवते.

‘प्लस’ हा शब्द दिसला की थांबायचं, ही या वहीतून मिळालेली सगळ्यात कामाची युक्ती. आर्केडने एप्रिल २०२१ पासून जुने, गाजलेले गेम ‘प्लस’ जोडून घ्यायला सुरुवात केली: ‘मॉन्युमेंट व्हॅली प्लस’, ‘मिनी मेट्रो प्लस’, ‘थ्रीज प्लस’. नंतर ‘स्टारड्यू व्हॅली प्लस’ आला. यांतले बरेच गेम सुटे मिळतात. तुम्हाला असे एक-दोनच गेम हवे असतील तर ते विकत घ्या आणि वर्गणीचा नाद सोडा.

प्ले पासच्या तीन महिन्यांवर मी फार लिहिणार नाही, कारण माझ्या वहीत त्याची पानंच कमी आहेत. त्यात गेमबरोबर ॲपही येतात, ते ज्यांना हवेत त्यांना पास सोन्याचा वाटेल. पण ‘आतली खरेदी खुली’ या प्रकारात एक गंमत होते, आणि ती कुठल्याही सेवेत होईल. एक दुकान चालवायचा गेम होता, नाव नको. फुकट खेळणाऱ्याला नाणी जपून वापरावी लागतात आणि सगळी मजा त्या ओढाताणीत असते. मला सुरुवातीलाच नाण्यांची गोणी मिळाली. मी पहिल्या तासात सगळं घेतलं. दुसऱ्या तासात घ्यायला काही उरलं नाही आणि गेम मेला. दुकानदार बसवूनच बांधलेल्या घरातून दुकानदार काढला की भिंतीही हलतात. त्यामुळे पास घेतलात तर मुळातच एकदा पैसे घेऊन विकले जाणारे गेम आधी शोधा. वर्गणी घेऊन त्यांचंच चीज होतं.

आता तक्रारीची पानं.

एक गूढकथेचा गेम मी निवांतपणे खेळत होते, रोज रात्री वीस मिनिटं. कोणाचा खून झाला ते कळलं होतं, कोणी केला ते कळायचं होतं. एका मंगळवारी तो यादीतून गेला होता. सूचना आली होती म्हणे, पण ती गेमच्या पानावर होती आणि मी तर थेट गेमच उघडत होते. कुठली सेवा ते इथेही सांगत नाही, कारण ही रीत सगळ्यांचीच आहे. आर्केडने जुलै २०२२ मध्ये ‘लवकरच जाणार’ अशी पाटी लावून पंधरा गेम एकदम काढले. नेटफ्लिक्सवरून २०२५ च्या जुलैत ‘हेडीस’ गेला आणि ‘मॉन्युमेंट व्हॅली’चे गेमही. त्यातला तिसरा भाग तर डिसेंबर २०२४ मध्येच नेटफ्लिक्सवर पहिल्यांदा आला होता, म्हणजे सातआठ महिन्यांत आला आणि गेला. करार संपतो, गेम उठतो. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकून काय होतं, तसं.

‘मग विकतच घ्यावेत’ असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होते. पण मग जुन्या खात्यातली यादी उघडून बघितली. त्यात पैसे देऊन घेतलेले सतरा गेम आहेत, त्यातले सहा आता उघडतच नाहीत. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ ही फोन चालवणारी नवी प्रणाली आणली आणि ३२-बिटचे, म्हणजे जुन्या बांधणीचे, ॲप चालवणं थांबवलं. ज्या कर्त्यांनी आपले गेम नव्याने बांधून दिले नाहीत, ते तिथेच राहिले. पावती माझ्याकडे आहे. वस्तू नाही. त्यामुळे मालकी या शब्दावर मी वर्गणीवाल्यांशी भांडायचं आता कमी केलंय, फोनवरचा गेम विकत घेतला म्हणजे तो फार तर जरा लांब मुदतीच्या भाड्याने घेतला, एवढंच.

खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती पैशांच्या वाटपातून येते. वर्गणीची सेवा तुम्ही पुढच्या महिन्यात टिकाल का यावर जगते. २०२० च्या मध्यावर ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने बातमी दिली की ॲपलने आर्केडसाठी ठरलेले काही गेम रद्द केले आणि लोकांना धरून ठेवतील असे गेम हवेत असं कर्त्यांना सांगितलं, उदाहरण म्हणून ‘ग्राइंडस्टोन’चं नाव दिलं होतं. ग्राइंडस्टोन चांगलाच आहे, एका रंगाच्या राक्षसांची साखळी ओढून कापत जायचं, पायऱ्या शेकड्यांनी. पण या धोरणात संपणाऱ्या गेमची पंचाईत होते. आणि माझ्या वहीत तारांकित केलेले गेम सगळे संपणारे आहेत. ‘असेंबल विथ केअर’ एका संध्याकाळी संपतो: गावात आलेली एक बाई लोकांच्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करते. आपण बोटाने स्क्रू फिरवतो, झाकण उघडतो, आतली तुटकी वस्तू उचलून बाजूला ठेवतो, आणि तेवढ्यात त्या वस्तूच्या मालकिणीची कथा कळत जाते. माझ्या नवऱ्याने त्या संध्याकाळी दोनदा विचारलं, ‘कसला आवाज येतोय?’ तो स्क्रू काढल्याचा आवाज होता. ‘सायोनारा वाइल्ड हार्ट्स’ तर जवळपास एका गाण्यांच्या अल्बमएवढाच आहे, निवेदनाला अमेरिकन गायिका-अभिनेत्री क्वीन लतीफाचा आवाज. ‘व्हॉट द गोल्फ’मध्ये काठीने चेंडू मारायला जावं तर चेंडू जागेवर राहतो आणि माणूसच उडून खड्ड्यात पडतो. पुढे घर उडतं. हसून हसून मुलगा पलंगावरून खाली पडला होता.

‘फँटेशियन’ मात्र मला संपवता आला नाही. ‘फायनल फँटसी’वाल्या हिरोनोबू साकागुचींचा, हाताने बांधलेल्या दीडशेहून जास्त छोट्या देखाव्यांचे फोटो काढून त्यात पात्रं फिरवलेली. टॅबवर जवळून बघितलं तर रंगाचे फटकारे दिसतात. २०२१ पासून तो फक्त आर्केडवर होता, डिसेंबर २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती संगणकावर आणि कन्सोलवर आली. थोडा धीर धरला की काही गोष्टी कपाटाबाहेर येतात.

किंमतीबद्दल एवढंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतली आर्केडची महिन्याची वर्गणी एका झटक्यात ४० टक्क्यांनी वाढली. तुम्ही जिथे असाल तिथला आकडा स्वतः बघा आणि त्याला बारा महिन्यांनी गुणा. कार्डावरचा आकडा मुद्दाम छोटा दिसतो, गुणाकार केल्यावर तो मोठा होतो. मग घरात खेळणाऱ्यांच्या संख्येने भागा, कारण आर्केडची वर्गणी कुटुंबातल्या सहा जणांपर्यंत वाटता येते आणि प्ले पासही कुटुंबाला देता येतो. आमच्याकडे भागाकार तीनने झाला. नवऱ्याचा तो एक बुद्धिबळाचा डाव मी धरला नाही.

आणि फुकटचा महिना सुरू केलात तर त्याच क्षणी फोनमध्ये आठवण लावा, संपायच्या दोन दिवस आधीची. चाचणीचा महिना मधेच रद्द केला तर गेम तिथल्या तिथे बंद होऊ शकतात, म्हणून शेवटी करा, पण करा. माझे सात महिने आठवा.

बाराव्या महिन्यात मी आर्केड बंद केलं. बलात्रो सुट्टा घेतला, जुनी प्रगती त्यात आली नाही, पहिल्यापासून सुरू केलं आणि तक्रार नाही. मिनी मोटरवेजची सोय संगणकावर झाली. मुलाशी करार असा झाला की मोठ्या सुट्टीत एक महिना वर्गणी, सॅसक्वॉचची प्रगती कायम असेल तर तिथून पुढे, नसेल तर रडायचं नाही. त्या एका महिन्यात मी माझे संपणारे गेम ओळीने संपवणार आहे, यादी वहीच्या शेवटच्या पानावर तयार आहे, सध्या पाच नावं. वर्षभर चालू ठेवण्याइतकी ही सेवा आम्हाला लागत नाही. दोन लहान मुलं असती तर मी बंद केलीच नसती.

राहिल्या सासूबाई. त्यांचा प्लसवाला सॉलिटेअर वर्गणीबरोबर कुलूपबंद झाला. जुना फुकटातला परत लावला तर त्यात ‘जाहिराती कायमच्या काढा’ असं एकदाच पैसे भरायचं बटण मिळालं. इतकी वर्षं ते तिथेच होतं, सेटिंगच्या तळाशी, मी कधी बघितलंच नव्हतं. भरले. रक्कम वहीत शेवटच्या ओळीत आहे आणि सगळ्या वहीतला तो सर्वांत चोख खर्च आहे.

चौथ्या दिवशी हाक आली. मी ओल्या हातानेच गेले. पत्ते जागेवर होते, डाव व्यवस्थित चालू होता.

‘काही बिघडलं का, आई?’

‘नाही गं,’ त्या म्हणाल्या. ‘ती बर्फातली बाई बरेच दिवस दिसली नाही. तिला लाकडं मिळाली का शेवटी?’